‘धुरामुळेच’ असे मी का लिहीत नाही

मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीभोवतीच्या वस्त्यांत इतकी वर्षे काम करूनही ‘हा दमा धुरामुळेच’ असे ठामपणे का लिहीत नाही, हे तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून लिहिते.

हवा घातक आहे, याबद्दल मी ठामच आहे. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची 2009 पासून 40 आहे. पण साथरोगशास्त्र, म्हणजे लोकांमधल्या आजारांचा आणि त्यांच्या कारणांचा अभ्यास, समूहाविषयी बोलते. अमुक एका मुलीचा दमा धुराने झाला, घरातल्या ओलीने झाला की दोन्हींनी, हे ते सांगू शकत नाही. ही पळवाट नव्हे.

जानेवारी 2016 मध्ये कचराभूमी पेटली, त्यानंतर आम्ही शिवाजीनगरात मुलांच्या श्वासाचा जोर मोजत होतो. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पीक फ्लो मीटरमध्ये तीनदा फुंकली. काटा जेमतेम हलला. तिन्हींतला मोठा आकडा मी वहीत लिहिला. तिच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीतून घड्यांवर फाटत आलेला केसपेपर काढला. “मॅडम, धुरामुळं झालंय एवढं लिहा की यावर. तक्रारीला जोडते.” एकट्या मुलीबाबत असे लिहिता येत नाही, असे मी म्हणाले. “मग वहीत लिहिलंत ते कुणाचं?” मी उत्तर दिले नाही. पुठ्ठ्याची नळी बदलली आणि पुढच्या मुलाला बोलावले.

पुढे विश्लेषणात, शिस्तीप्रमाणे, उत्पन्न, घरातली दाटी आणि आईचे शिक्षण यांचा परिणाम वेगळा काढला, तेव्हा धुराचा वाटा आक्रसला. ते गणित बरोबरच आहे, असे मी तेव्हा हिरिरीने सांगत असे. पण माणसे कचराभूमीच्या भिंतीला लागून राहतात ती गरिबीमुळेच. मग गरिबी वजा करताना त्यांना धुरापर्यंत आणणारी वाटच मी पुसत होते का? आज मला तसे वाटते. तरीही ती वजाबाकी टाळली असती, तर पहिल्याच परीक्षकाने शोधनिबंध परत पाठवला असता, आणि न्यायालयात तो टिकला नसता. त्याच निबंधांवर मला बढती मिळाली, हेही मी लपवत नाही.

‘धुरामुळेच’ हा शब्द मी आजही लिहिणार नाही. पण मुलीचा आकडा, तारीख, वस्तीचे नाव आणि खाली माझी सही, एवढे त्या केसपेपरवर मला त्याच दिवशी लिहून देता आले असते. ते मला सुचले नाही, की लिहायची भीती वाटली, याचे उत्तर मी अजून शोधते आहे.