पूलची फी आणि बर्फाचं फावडं

पालिकेच्या स्विमिंग पूलवर काउंटरला बसतो मी. यंदा समर बॅचची फी ६०० ची ९०० झाली, जनरल बॉडीत ठराव पास होऊन, आणि नवीन रेटचा बोर्ड लागला त्या सकाळी फॉर्मच्या रांगेत नुसता कल्ला.

गंमत अशी की प्रायव्हेट क्लबला हजारो रुपये मुकाट मोजणारेच इथे जास्त भांडतात, कारण त्यांची तुलना क्लबशी नसतेच, गेल्या वर्षीच्या पावतीशी असते, एकजण तर ती पावती घेऊनच आलेला!

त्यात आमचा शेजारच्या टेबलवरचा सहकारी बोलून गेला, "अहो उन्हाळ्यात डिमांड असते ना, म्हणून वाढवली." झालं! "उकाड्याचा फायदा घेता काय? पूल आमच्याच टॅक्समधून बांधलाय ना?"

रांगेत इकॉनॉमिक्सचे एक रिटायर्ड सर होते, ते हसायला लागले. म्हणाले, कानेमन, थेलर वगैरे संशोधकांचा १९८६ चा पेपर आहे, कॅनडात लोकांना विचारलेलं की १५ डॉलरचं बर्फ उपसायचं फावडं दुकानदाराने हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी २० ला लावलं तर चालेल का, ८२ टक्के म्हणाले हे बरोबर नाही. पण दुकानदाराचाच खर्च वाढला म्हणून भाव वाढला तर लोक चालवून घेतात.

मग मी मार्कर घेऊन बोर्डाखाली लिहिलं, कशाकशाचा खर्च वाढलाय ते: फिल्टरच्या मोटरचं लाइटबिल, क्लोरीन, जीवरक्षकांचे पगार. आवाज बराच खाली आला. "हे आधीच लिहायला काय झालं होतं?" खरंय, आमच्याकडे फक्त आकडा चिकटवायची पद्धत.

तरी एकाने विचारलंच, आम्ही घरपट्टी भरतो, मग हद्दीबाहेरच्यांना पण ९०० च का? त्यावर बराच वेळ आपापसातच जुंपली, मी मध्ये पडलो नाही.

शेवटी एक ताई. लेडीज बॅच एकच, दुपारी बाराची, वर शेड नाही. "९०० देते हो दादा, पण सकाळी सहाच्या पाण्याचा आणि बाराच्या पाण्याचा भाव एकच कसा?" यावर सरांकडे पण पेपर नव्हता. मी तक्रारवहीत तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, तिने सही केली, फी भरली आणि पावती नीट बघून घेतली. संध्याकाळी साहेबांचा शेरा आला, "नोंद घेतली."