आठ पाऊण सहा

आज दुपारी जेवून आडवी झाले होते. लाइट गेलेली, पंखा बंद, मे महिना, म्हणजे झोप लागणार नाहीच पण उठून काही करावं एवढा जीवही नाही अशी ती वेळ. तेवढ्यात शेजारची काकी फणसाचे गरे घेऊन आली आणि डबा हातात तसाच धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली.

"ह्यो गोळ्यांच्यो वेळो काय गो? शुगर आसा काय तुका?"

मी मान वळवून बघितलं. एकेका चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, मधेच कुठे फुली, आणि खालच्या कोपऱ्यात दुधाचे खाडे. खरंच औषधाच्या वेळा वाटतात. फक्त रोज पाऊण पाऊण तास उशिरा गोळी घ्यायला सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय.

"नाय गो काकी, भरतीचे वेळ ते."

"होडी घेतलंस?"

होडी नाही, पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, पळायला जाते ना, म्हणून, असं मी सांगितलं. तर "हां, ता" म्हणाली. लोक कुणाच्या तंबाखूबद्दल ज्या सुरात "हां, ते" म्हणतात ना, त्या सुरात. आणि जाताना दारातून, "आज एकादस आसा, आणि तुज्या घराकडसून बांगड्याचो वास येता."

आता गंमत बघा, आजच्या चौकोनात मी स्वतःच्या हाताने 'सव्वाआठ' लिहून ठेवलंय. सव्वाआठ म्हणजे अकरा पाऊण, अकराची पाऊणपट, आणि अकरा म्हणजे एकादशी. इतकं सगळं माहिती असून मी सकाळी बाजारातून बांगडे आणले, तळले, खाल्ले. तिथी माझ्यासाठी नुसता गुणायचा आकडा होऊन बसलीय.

मी पळायला लागले त्याला सहा वर्षं झाली. कारण काही थोर नाही. मालवणच्या स्टँडवर एकदा सुटलेली एसटी धावत जाऊन पकडली, पकडली ती पकडली पण तिकीट मागायला तोंडातून आवाजच फुटेना, कंडक्टरने दोनदा विचारलं, शेवटी मी बोटाने खुणा करून गाव सांगितलं, आणि त्या बिचाऱ्याने मला मुकी समजून सुट्टे पैसे न मागता, मोजून, हातावर अलगद ठेवले. पस्तिशीची होते मी. त्या रात्री फोनवर ते नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरवालं अ‍ॅप घेतलं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं. ६० सेकंद किती मोठे असतात हे मला तेव्हा कळलं.

मग अर्थातच व्हिडिओ. पळायला लागलेल्या माणसाला फोन बरोबर हुंगून काढतो. पहाटे पाचला उठा, रोज एकाच वेळेला उठा, २१ दिवस केलं की सवय लागते. या २१ वर माझा जुना राग आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या एका प्लॅस्टिक सर्जनने लिहिलं होतं की ऑपरेशननंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात. 'निदान' हा शब्द पुढच्या लोकांनी गाळला आणि चेहऱ्याचं प्रकरण पळण्याला, उठण्याला, डायरी लिहिण्याला, सगळ्याला चिकटवलं. पण तेव्हा मला हे कुठे माहिती होतं. मी २१ घरांचा तक्ता काढला, शूज दाराशी ठेवले आणि पाचचा गजर लावला.

सुरुवात नेमकी पुनवेला झाली, म्हणजे मी काही बघून केली नव्हती, सोमवार होता म्हणून केली. पहाटे खाली गेले तर पुळण ही एवढी रुंद पसरलेली, ओली, कडक, पाय रुतत नाही की घसरत नाही, लांबवर सिंधुदुर्गाचा तट नुसती काळी रेघ दिसतोय. मला वाटलं वा, हे तर सोपं आहे. दोन-तीन दिवस मजेत गेले. मग रोज पट्टी थोडी थोडी अरुंद व्हायला लागली. आठव्या दिवशी जाऊन बघते तर पाणी वरपर्यंत आलेलं, उरलेल्या भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत पाय जातोय. मी तिथे माडाला टेकून उभी राहिले आणि चक्क मनात म्हटलं, आज काय झालं याला?

मालवणजवळच्या वायरीत जन्मलेली बाई. आजी जिची आयुष्यभर सुकती, म्हणजे ओहोटी, बघून खाडीत उतरायची. तिला एका अ‍ॅपने आठ दिवसांत समुद्राचं टाइमटेबल विसरायला लावलं. घरी आले तर फोनवर मेसेज, तुमची साखळी तुटली. एक रडका चेहरा पण होता त्याच्यासोबत.

मग काही दिवस रस्त्याने पळून बघितलं. रस्त्याने पळणं म्हणजे आमच्याकडे समाजकार्य आहे, कारण दर फर्लांगाला कोणाची तरी काळजी मिटवावी लागते. बाई पळतेय म्हणजे घरात काहीतरी झालंय. एकजण गाडी स्लो करून "बस मागे, सोडतंय", मी नको म्हटलं तर "पैसे नको गो", पुढे दुसरी, "कोण आजारी आसा?", आणि दुकानाच्या पायरीवरचा म्हातारा रोज न चुकता, "मागे कुत्रो लागलो काय?" त्याला मी सहा वर्षं "नाय" हेच उत्तर देतेय. एकदा खरंच कुत्रा मागे होता आणि मी ओरडून "होय" म्हटलं तर तो नुसता हसला.

आणि ज्या सुरात "धावतंस कित्याक?" विचारतात ना, त्याच सुरात "लग्न कित्याक नाय केलंस?" विचारतात. दोन्हीला माझ्याकडे एकच उत्तर आहे, राहून गेलं आणि मग बरं वाटायला लागलं. पळण्याच्या बाबतीत ते नीट बसत नाही, पण ऐकणाऱ्याला चालतं.

तर पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं. तिच्या लहानपणी तिन्हीसांजेला तिचा भाऊ ओटीवर परवचा म्हणायचा आणि ही आत चुलीशी बसून ऐकायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं कानावरून गेलं असणार, पण तिने ठेवली फक्त पाऊणकी. बेचा पाढा विचारला तर अडखळायची. पाऊणकी मात्र झोपेत. कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि भरती कळली की सुकती कळते, आणि सुकती कळली की मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला कर्लीच्या खाडीत कधी उतरायचं ते कळतं. बाकीच्या पाढ्यांनी मुळे मिळत नाहीत.

तिच्या डोक्यावर टोपली, हातात कोयती, आणि ती चालता चालता म्हणायची. चार पाऊण तीन. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण सव्वापाच. आठ पाऊण सहा. 'आठ पाऊण सहा'ला ती जरा थांबायची, चुंबळ नीट करायची, आणि मग नऊ पाऊण पावणेसातपासून पुढे. का तिथेच थांबायची कोण जाणे. ती चालायची आणि मी तिच्या बाजूने पळायचे, कारण तिच्या चालण्याला माझं चालणं पुरायचं नाही. म्हणजे तसं बघितलं तर माझं पळणं पस्तिशीनंतरचं नाहीच, मी सहा वर्षांची असल्यापासून पळतेय, मधे फक्त एसटी, नोकरी वगैरे. आता मला एक किलोमीटरला आठ मिनिटं लागतात. कधी कधी शंका येते की रिकाम्या टोपलीने आजी त्याच्या आसपासच चालत असेल. परतताना, टोपली भरलेली आणि ओली, पाणी कपाळावरून गळतंय, तेव्हा मी थोडी पुढे असायचे. आणि मग मागे वळून थांबायचे. ती कधी "थांब" म्हणाली नाही, मीच.

चौथीत असताना गुरुजींनी अपूर्णांक शिकवायला घेतले. पाऊण म्हणजे काय कोण सांगेल, तर मी उभी राहून धडाधडा अख्खी पाऊणकी म्हटली, पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत. गुरुजी खूश. म्हणाले, पुढे? मी गप्प. सोळा पाऊण? गप्प. अगो सोप्पं आहे, सोळा पाऊण किती? मी म्हटलं, "सोळावी तिथी नसता."

वर्ग हसला तो हसला, गुरुजीपण हसले, आणि वर्षभर माझं नाव सोळावी पडलं. घरी येऊन आजीला रडत सांगितलं तर तिला त्यात रडण्यासारखं काय ते कळेना. "बरोबर तर सांगितलंस. पंद्रानंतर परत एक."

मोठी झाल्यावर, कॉलेजात भूगोल घेतल्यावर, मी तिला ऐटीत सांगितलं होतं की आजी तुझा हिशेब थोडा चुकतो. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे ४५. पाच मिनिटं कमी पडतात. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मगे पाच मिनटां बसाचा. दर्यो काय एसटी आसा?"

साखळी तुटल्याच्या त्या मेसेजनंतर काही दिवसांनी मी कॅलेंडर घेऊन बसले आणि अख्खा महिना लिहून काढला. तेव्हापासून एक तारखेला हा कार्यक्रम असतो. भरतीचे तक्ते फोनवर मिनिटागणिक मिळतात, मला माहितीय, कधी कधी ताडून पण बघते, पण लिहायचं ते पाऊणकीनेच. पुनव-अवसेपासून तिजेपर्यंत माझी चैन, सुकती बरोबर पहाटे ते सकाळ, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी आत आत गेलेलं. मग जी घसरण सुरू होते ती सप्तमी, अष्टमी, नवमीला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला भरती. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, भरती तशी मवाळ, थोडी पट्टी सोडते, पण ती उतरती. तारकर्लीकडे जाताना डावा पाय वर, येताना उजवा, म्हणजे दोन्ही कंबरा समान दुखतात एवढंच सुख. त्या दिवसांत मी पळत नाही. घर झाडते, नखं कापते. अ‍ॅपवर माझी सर्वात मोठी साखळी सात दिवसांची आहे.

दादा मुंबईहून फोन करतो. पाच झाले, दहा झाले, पुढे? हाफ मॅरेथॉन कर की. मग मला आकडे सांगतो. २१.०९७५. याचा दुप्पट ४२.१९५, तो आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून आला, कारण तेव्हा राजवाड्यापासून राजघराण्याच्या बॉक्सपर्यंत मोजला रस्ता. दादा स्वतः लिफ्टने पहिल्या मजल्यावर जातो. मी म्हणते बघू.

मागच्या ऑक्टोबरात एकदा असंच प्रतिपदेला मस्त लय लागली होती, चार किलोमीटर झाले असतील, आणि पुढे रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर. दोन्ही बाजूंना माणसं ओढतायत, मधून जायला वाट नाही. मी जागच्या जागी पाय हलवत उभी राहिले, ते व्हिडिओत सिग्नलला करतात तसं. एका काकांनी बघितलं माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "नाचतंस कित्याक? वायच हात लाव."

लावला. पंचवीस मिनिटं. दोर हाताला असा काचतो की काय सांगू, आणि पाय वाळूत रोवून उलटं उलटं जायचं. घड्याळ दर दोन मिनिटांनी विचारतंय की तुम्ही थांबलात का, व्यायाम संपवायचा का, आणि छातीचे ठोके पळताना नसतात इतके. कोणी विचारलं नाही तू कोण, कशाला पळतेस, लग्न झालंय का. माझ्या पुढची बाई फक्त मधे मधे मागे बघून "वड" म्हणायची. जाळं वर आल्यावर मला पण वाटो मिळाला, सहा बांगडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ते घेऊन घरापर्यंत चार किलोमीटर पळत आले, पिशवी मांडीवर आपटतेय, मागे तीन कुत्रे. पायरीवरचा म्हातारा त्या दिवशी काहीच बोलला नाही.

हे सगळं मी कशावरून सांगायला लागले. हां, कॅलेंडर.

अडीच वाजलेत. आज सव्वाआठची भरती, म्हणजे आत्ता या क्षणाला सुकती आहे. पुळण आत्ता मस्त कडक, सपाट, पार तारकर्लीपर्यंत मोकळी पडली असणार, आणि ऊन असं की चपलेतून पण चटका बसावा, त्यामुळे तिथे चिटपाखरूही नसेल. बांगडा पोटात जड झालाय, वर आठ-दहा गरे खाल्लेत. काकीचा डबा धुवून द्यायचाय, रिकामा कसा द्यायचा, घरात देण्यासारखं आहे ते बांगडेच, आणि तिची एकादशी.

लाइट अजून आली नाही.