तो फोन मीच केला होता

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामगारांच्या मानसिक आरोग्यावर बोलण्यासाठी गेली तीन-चार वर्षे मला बोलावले जाते आणि बहुतेक ठिकाणी, भाषण संपून चहा आला की, कोणीतरी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारते: "साहेब, तुमच्या कंपनीतला तो माणूस तुमच्याच फोनमुळे आत गेला ना? पोलिसांना का बोलावलंत?" युनियनच्या लोकांनी तो रागाने विचारला, माझ्या सुनेने संकोचत विचारला आणि एकदा एका प्रशिक्षणार्थी मुलाने सगळ्यांसमोर माईकवर विचारला. मी प्रत्येक वेळी "कायद्याप्रमाणे जे करायचे ते केले" असे सांगून कप खाली ठेवला आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

प्रथम माझी बाजू मांडतो, कारण ती कोणी ऐकून घेत नाही. ऑक्टोबर 2018 मधल्या त्या रात्री सेकंड शिफ्ट संपण्याच्या सुमारास मला घरी फोन आला, तेव्हा सुपरवायझरच्या हाताचे हाड मोडलेले होते, कंट्रोल पॅनेलची काच फुटलेली होती आणि तो माणूस पाइप पाना हातात घेऊन ग्राइंडिंग विभागात मोठमोठ्याने बोलत फिरत होता. चाळीस माणसे मशिनी सोडून भिंतीला लागली होती. कार्मिक विभागाचा प्रमुख म्हणून त्या चाळीस जणांचीही जबाबदारी माझ्यावर होती. भिंतीवर तीन क्रमांक रंगवलेले होते, 100, 101 आणि 108. मी 100 फिरवला. आजही तशी वेळ आली तर मी फोन करीनच, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा पाना घेतलेल्या माणसासमोर उभे राहून पाहावे.

पण तुम्ही फोनबद्दल विचारता आणि तिथेच मला सुटायला वाट मिळते. फोनच्या आधी आणि फोननंतर मी जे केले, त्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेले नाही.

त्या घटनेच्या आठ दिवस आधी त्याची पत्नी गेटवर आली होती. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. दिंडोरीकडच्या बागेतला एक दिवसाचा रोज बुडवून ती आली होती, हे तिने बोलण्याच्या ओघात सांगितले म्हणून मला कळले. वॉचमनच्या केबिनजवळ उभी राहून ती म्हणाली, "साहेब, ह्यांना थर्ड शिफ्ट नका देऊ. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. गोळीने हात कापतो म्हणून गोळी सोडली ह्यांनी." तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत गोळ्यांची पाकिटे होती. मी पिशवी उघडली नाही. मी म्हणालो, "ताई, तोंडी काही करता येत नाही. अर्ज द्या, त्याला डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडा." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "कागदावर नको, साहेब."

तिची भीती अडाणीपणाची नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार सततच्या अनारोग्यामुळे कामगाराला कमी केले तर ती कपात ठरत नसे आणि कपातीची भरपाईही द्यावी लागत नसे. ही तरतूद तिने वाचलेली नव्हती, पण तिचा परिणाम तिने वस्तीत पाहिलेला होता. मी मात्र दुसरी बाजूही वाचलेली होती. त्याचा पगार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) 21,000 रुपयांच्या मर्यादेत बसत होता. त्या योजनेत वर्षाला 91 दिवस सत्तर टक्के वेतनाने आजारपणाचा लाभ मिळतो. दीर्घ आजारांची जी 34 नावांची यादी आहे, तिच्यात क्षयरोग आणि कर्करोगाच्या बरोबरीने स्किझोफ्रेनिया आणि या कामगाराला असलेला उन्माद-अवसादाचा (बायपोलर) आजारही आहे, आणि पात्र कामगाराला त्यासाठी ऐंशी टक्के वेतनाने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. शिवाय त्या योजनेच्या तेव्हाच्या कायद्याच्या कलम 73 प्रमाणे लाभ चालू असेपर्यंत मालक त्या कामगाराला काढू शकत नव्हता. म्हणजे जो कागद त्याची नोकरी घेईल असे तिला वाटत होते, तोच कागद योग्य खिडकीवर गेला असता तर त्याची नोकरी वाचली असती. हे सांगायला मला गेटवर पाच मिनिटे लागली असती. मला साडेअकराची बैठक होती.

हे लिहिल्यावर माझ्यातला जुना अधिकारी लगेच बोलू लागतो. तो म्हणतो, नऊशे माणसांच्या कारखान्यात रोज कोणाची ना कोणाची बायको, आई, भाऊ गेटवर येतो. प्रत्येकाची पिशवी उघडायची काय? त्याचा मुद्दा मला अजूनही खोडता आलेला नाही. फक्त त्याला माहीत असलेली एक गोष्ट तो सांगत नाही, ती मी सांगतो.

ऑगस्टमध्ये त्या माणसाला मेमो दिलेला होता. तो बाराव्या वर्षात काम करणारा ग्राइंडिंग ऑपरेटर होता, मायक्रोमीटरवर त्याचा हात बसलेला होता, आणि अचानक त्याचे रिजेक्शन वाढले होते. "कामातील निष्काळजीपणा" अशा शब्दांतल्या त्या मेमोवर माझी सही आहे. त्याची औषधे लिथियमची होती आणि लिथियमने अनेकांचे हात बारीक थरथरतात, हे मला न्यायालयातली कागदपत्रे वाचताना कळले. हात थरथरू लागल्यामुळे माप चुकू लागले, माप चुकल्यामुळे मेमो आला, आणि मेमो आल्यावर त्याने नोकरी वाचवण्यासाठी गोळी बंद केली. लिथियम असे एकदम बंद केले तर उन्माद उसळण्याचा धोका वाढतो आणि जागरणाने तो आणखी वाढतो. त्यात आम्ही त्याला आलटून पालटून थर्ड शिफ्ट देत होतो. कारखान्यात धूळ मोजतात, आवाज मोजतात, वर्षातून एकदा कानांची तपासणीही होते. हात का थरथरतो, हे विचारण्यासाठी मात्र रजिस्टरमध्ये रकाना नाही, आणि कामगारही आपणहून पाठदुखी आणि ॲसिडिटी यांपलीकडे काही सांगत नाही.

आता त्या रात्रीकडे येतो. मी पोहोचलो तेव्हा सगळे संपल्यात जमा होते. पाना खाली पडलेला होता आणि चार जणांनी त्याला धरून खुर्चीवर बसवले होते. तो थांबत नव्हता, बोलतच होता. कंपनीचे नवे युनिट कुठे काढायचे, त्यात कोणाला किती पगार द्यायचा, हे सांगत होता आणि मधूनच हसत होता. फौजदार आले. त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "डोक्याने बरा आहे ना हा?"

या प्रश्नाशी मी आता इतकी वर्षे राहतो आहे. फौजदाराला शंका आली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 त्याच वर्षी 29 मे रोजी लागू झाला होता आणि त्याच्या कलम 100 नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते; अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही. गुन्हा नोंदवला गेलाच असता, हे मी नाकारत नाही. पण त्या रात्री त्याची गाडी कोणत्या दाराशी थांबणार होती, हे बऱ्याच अंशी माझ्या उत्तरावर अवलंबून होते.

मी म्हणालो, "रोज कामाला येतो, साहेब."

वाक्य शब्दशः खरे होते. मस्टर दाखवून ते सिद्धही करता आले असते. मला गेटवरची पिशवी आठवली होती, हेही खरे आहे. पण आजाराची कल्पना असूनही त्याला थर्ड शिफ्ट दिली, असे नोंदीवर आले तर पहिला प्रश्न मला विचारला जाईल, हा हिशेब मी त्या दोन सेकंदांत केला. तेव्हा मी त्याला प्रसंगावधान समजत होतो.

पहाटे फिर्याद लिहिली गेली. कंपनीचे वकील फोनवर होते. सुपरवायझरने "एकदम अंगावर आला, काय बोलत होता कळले नाही" असे सांगितले होते. माझ्या जबाबात वकिलांच्या सूचनेवरून "जाणूनबुजून" हा शब्द आला. मी घटनेच्या वेळी तिथे नव्हतो. माझ्या घरापासून कारखान्यापर्यंत वीस मिनिटे लागतात. तरीही मी न पाहिलेल्या क्षणी दुसऱ्याच्या मनात काय होते, ते सही करून लिहून दिले. जबर दुखापतीचे, हत्यार वापरल्याचे, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम 326 लागले. ते अजामीनपात्र होते.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात उभे केले तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असे प्रथेप्रमाणे विचारले गेले आणि तो हसला. माझ्या शेजारचे कोणीतरी म्हणाले, "बघा, मस्ती किती आहे." मी काही बोललो नाही. पुढे जामिनासाठी जामीनदार मिळाला नाही आणि तो साडेचार महिने कच्चा कैदी म्हणून राहिला. आत गेल्यावर काही आठवड्यांत त्याचे हसणे थांबले आणि बोलणेही थांबले, असे त्याच्या पत्नीने नंतर सांगितले. त्याच काळात कंपनीने खात्यांतर्गत चौकशी केली. तो हजर राहिला नाही अशी नोंद करून ती एकतर्फी पूर्ण केली आणि त्याला बडतर्फ केले. तो कुठे आहे हे चौकशी अधिकाऱ्याला ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. माझ्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे: हिंसक कृत्यासाठी ग्रॅच्युइटी जप्त करण्याची तरतूद वापरावी अशी टिप्पणी वरून आली, तिच्यावर मी सही केली नाही आणि त्याला ग्रॅच्युइटी मिळाली. या एका सहीचा उल्लेख मी भाषणांत गरजेपेक्षा जास्त वेळा केला आहे, हेही कबूल करतो.

डिसेंबर 2021 मध्ये, मी निवृत्त झाल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात निकाल दिला. मानसिक आजार हे वर्तनामागचे एक कारण असले तरी त्या माणसाला अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे संरक्षण मिळते आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हाच अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे त्यात म्हटले आहे. धारीवाल केंद्रीय राखीव पोलीस दलातले होते आणि आजारामुळे अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला न काढता दुसरे काम देण्याचे बंधन त्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर घातले आहे. सातपूरच्या खाजगी कारखान्यातल्या ऑपरेटरपर्यंत ते पोहोचत नाही. तरी मी तो निकाल दोनदा वाचला. आधी वाचला असता तर वेगळा वागलो असतो का, हे मी सांगू शकत नाही. कलम 73 तर मला पाठ होते.

त्याला बाहेर काढले ते मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या एका तरुण वकील बाईंनी. तुरुंगातल्या भेटीत तो प्रश्नांना उत्तरेच देत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 328 खाली अर्ज केला, मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी झाली, तो स्वतःचा बचाव करण्यास तूर्त असमर्थ असल्याचे ठरले आणि कलम 330 प्रमाणे त्याला पत्नीच्या हमीवर सोडण्यात आले. उपचार सुरू झाल्यावर तो सावरला आणि खटला पुन्हा उभा राहिला.

2022 मध्ये माझी साक्ष झाली. तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम 84 चा (आता तेच न्याय संहितेचे कलम 22 आहे) बचाव घेतला तर तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. माणूस आजारी होता, एवढे दाखवून भागत नाही. नेमक्या त्या वेळी आपण काय करतो आहोत किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे त्याला आजारामुळे समजत नव्हते, हे दाखवावे लागते. त्या वेळचे साक्षीदार म्हणजे शेजारच्या मशीनवरचा माणूस, सुपरवायझर आणि माझ्यासारखा अधिकारी. डॉक्टर तिथे कधीच नसतो. वकील बाईंनी उलटतपासात मला विचारले की "जाणूनबुजून" हा शब्द मी कशावरून लिहिला. अशा वेळी साक्षीदार "असे म्हणणे खरे नाही की" या ठरलेल्या वाक्याचा आधार घेतात आणि तो मलाही सुचला होता. मी सांगितले की मी ते पाहिलेले नव्हते, आणि त्याच्या पत्नीने आठ दिवस आधी मला आजाराबद्दल सांगितले होते. माझी पाठ थोपटू नका. तेव्हा मी निवृत्त होतो, भविष्य निर्वाह निधी हातात आला होता आणि खरे बोलण्याचा मला एक रुपयाही खर्च नव्हता. खर्च होता तेव्हा मी मस्टर पुढे केले होते.

2023 मध्ये तो सुटला, पण ज्याला लोक निर्दोष म्हणतात तसा नव्हे. अशा निकालात कृत्य त्याने केले होते, हे स्पष्ट लिहावेच लागते आणि पुढे त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचे की नातेवाइकांकडे सोपवायचे, हे न्यायालय ठरवते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, नाशिकला नाही. पत्नीने पुन्हा हमी दिली. ज्या बाईला "कागदावर नको" होते, तिच्या सह्या या प्रकरणात सर्वांत जास्त आहेत.

आता मी जिथे बोलायला जातो तिथे भिंतीवर चौथा क्रमांक लिहायला सांगतो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, जो ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. मेमोवर सही करण्याआधी माणसाला समोर बसवून "औषध काही चालू आहे का" हे विचारा आणि ते उत्तर फाइलमध्ये लावू नका, असेही सांगतो. यावर कार्मिक विभागाचे लोक मला हटकून विचारतात की लेखी नसेल तर उद्या आम्ही अडचणीत येणार नाही का. येऊ शकता, असे मी सांगतो. याहून चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच्या घरी गेलो होतो, हे लिहू का असे विचारायला. पत्नी म्हणाली, लिहा, आमचे नाव तेवढे नको. त्याने स्वतः चहा आणला. स्टीलचा पेला अर्धाच भरलेला होता, कारण गोळी चालू आहे आणि हात अजून थरथरतो. तो आता एका दुकानात माल मोजून घेण्याचे काम करतो. फोनबद्दल त्याने विचारले नाही, जबाबाबद्दलही नाही. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "साहेब, त्या ग्राइंडिंगवर आता कोण आहे?"

मला माहीत नव्हते.