आमची वाटचाल : मांजरपाटाची पिशवी आणि तिचा हिशेब

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाला कापडाची टंचाई माहीत नाही. टंचाई असते ती भावाची. आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून माग आहेत. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आमची. ताका, म्हणजे मागावरून उतरलेली कापडाची अख्खी गुंडी, तपासायला घेतला की कुठे उभा धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, की तो गेलाच 'सेकंड'मध्ये. असला ताका कटपीसवाला किलोवर घेऊन जातो, उरलेलं पोछ्याला जातं. त्यातलाच मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, घेऊन आम्ही पिशव्या शिवायला लागलो, ते काही पर्यावरणाच्या कळवळ्यानं नव्हे. माल पडून होता, घरात शिलाई मशीन होतं आणि मजुरीचा दर हलत नव्हता.

धंद्याला खरं वारं लागलं 2018 मध्ये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबले, त्यानंतर राज्यानं 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातलीच होती. पण मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणार कोण आणि कशानं? 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं मायक्रॉनची भानगडच काढून टाकली: कॅरीबॅग म्हटली की बंद, जाड असो वा पातळ. तीन महिन्यांची मुदत संपली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. मग काय विचारता! किराणावाले, मिठाईवाले, औषधवाले, सगळे दारात. गल्लीतल्या ज्या बायका परकर-गाऊन शिवत होत्या त्या पिशव्यांवर आल्या. आमच्याकडे कटिंग टेबल, शिलाईची दोन जुकी मशीनं आणि कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक आलं ते त्याच वर्षी.

दिवाळीपर्यंत जोर ओसरला. कॅरीबॅग गाड्याखालच्या पोत्यातून पुन्हा डोकं वर काढू लागली. आठवडी बाजारातल्या एका भाजीवाल्या मावशींना मी पिशव्या ठेवा म्हणून सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ताई, पिशवी न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक फुडच्या गाड्यावर जातंय बघा. तुमची पिशवी इकायची का माझी मेथी?" त्यांचं काय चुकलं? कॅरीबॅग पैशांत मिळते, आमची पिशवी रुपयांत. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसोबत वीस रुपयांची पिशवी कोण घेईल?

त्याच सुमारास नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेली, पिशवी आली. दिसायला कापड, हाताला कापड, पण मूळ पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लॅस्टिकच. तिला शिवायलाही लागत नाही, मशीन कडा दाबून चिकटवतं. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली आणि पिशवीवर 'पर्यावरणपूरक' असं हिरव्या अक्षरांत छापूनही घेऊ लागली. केंद्राच्या नियमांनी सप्टेंबर 2021 पासून 60 जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला 60 ग्रॅम) हलक्या नॉन-वोव्हन पिशव्या बंद केल्या, तेव्हा ती लाट थोडी उतरली. मधलं 2020 साल मास्क शिवण्यात गेलं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्या कामाला वेगळं वळण दिलं ते पुण्याच्या एका दुकानदारानं. सेंद्रिय धान्याचं दुकान, मोठी ऑर्डर, दर ठरलेला. शेवटी त्यानं सहज विचारलं, "मॅडम, कापडी पिशवी प्लॅस्टिकपेक्षा चांगली, असं लेबलवर लिहायचंय. पण ती चांगली आहे का हो खरंच?" पिशवी विकणाऱ्या बाईला हा प्रश्न म्हणजे हलवायाला साखरेबद्दल विचारण्यासारखं. तरी मी मुलाला बसवून इंटरनेटवरचे अहवाल वाचून घेतले.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा 2011 चा अहवाल आहे. साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीचं वजन त्यात सुमारे 8 ग्रॅम धरलंय, सुती पिशवीचं 180 ग्रॅमच्या वर. हवामानबदलाच्या हिशेबात, एकदा वापरून टाकलेल्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. प्लॅस्टिकची प्रत्येक पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लावली असं धरलं, तर तोच आकडा 327 होतो. 131 च्या त्या पहिल्या हिशेबात कागदी पिशवीला 3, जाडजूड नॉन-वोव्हनला 11. म्हणजे ज्या नॉन-वोव्हनला आम्ही नावं ठेवत होतो, ती दणकट असेल आणि टिकली तर कार्बनच्या हिशेबात आमच्या पुढे. बाजारात मिळणारी उन्हात ठेवली की भुगा होणारी नव्हे, ती वेगळी.

डेन्मार्कचा 2018 चा अहवाल वाचला तेव्हा मी चहा गार केला. तिथे तुलना थोड्या जाड प्लॅस्टिक पिशवीशी आहे. नुसतं हवामान पाहिलं तर साध्या सुती पिशवीला 52 फेऱ्या पुरतात, पण सगळे निकष धरले तर 7,100, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000! हाच आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो. त्यातली गोम अशी की तो सगळ्या निकषांची सरासरी नाही. ज्या एका निकषावर कापूस सर्वांत मागे पडतो, ओझोनच्या थराच्या, त्याचा तो आकडा आहे. आणि सेंद्रियला एकरी उतारा कमी, म्हणून तो आणखी फुगतो. सेंद्रिय दुकानाला हे कसं सांगायचं, या विचारात मी दोन दिवस होते.

मग तराजू काढला. आमची मांजरपाटाची 16 बाय 18 इंची पिशवी बंदांसकट 70 ग्रॅमच्या आसपास भरते. पिशवीचा पर्यावरणावरचा बहुतेक बोजा कापूस, सूत आणि विणाईचा, म्हणजे कापडाच्या वजनावर ठरणारा. त्यामुळे ब्रिटनचा 131 आमच्यासाठी ढोबळमानानं पन्नासवर येतो. रंगाई-धुलाई आम्ही करतच नाही. पंचगंगेच्या काठी राहून रंगीत पाण्याचं कौतुक कोण करणार. विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बहुतेक कोरडवाहू, तेव्हा पाण्याचे परदेशी आकडे इथे जसेच्या तसे बसत नाहीत, पण कोरडवाहू म्हणजे उतारा कमी, जमीन जास्त, फवारणी आहेच. माग चालतो ती वीजही बहुतांशी कोळशाचीच. सेकंडचं कापड म्हणून आम्ही फुकट सुटलो असंही नाही, ते कुणीतरी घेतलंच असतं.

आणि या दोन्ही अहवालांत एक गोष्ट धरलेलीच नाही: उघड्यावर टाकलेल्या पिशवीचं पुढे काय होतं. तिकडे ती बहुतेक डब्यात जाते, डबा भट्टीत किंवा बंदिस्त डेपोत. आमच्याकडे ती गटारात जाते, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. नाहीतर उष्ट्या अन्नासकट गाईच्या पोटात. गाईच्या पोटातून किलोकिलोनं पिशव्या काढणारे डॉक्टर आपल्या राज्यात कुठेही भेटतील. त्याचा कार्बन मोजून काय करणार? म्हणून मी त्या दुकानदाराला सांगितलं, लेबलवर 'चांगली' लिहू नका. 'ही पिशवी वर्षभर बाजारात न्या' एवढंच लिहा. त्यानं तसं छापलं, आणि ऑर्डर निम्मी केली. फुकट वाटायच्या ऐवजी विकत द्यायची ठरवली म्हणून निम्मी. आमचं त्या महिन्याचं गणित कोलमडलं, पण त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एकच गोष्ट मोजली जाते: पिशवी किती फेऱ्या करेल. त्यासाठी दुरुस्ती सुरू केली. कुणाचीही पिशवी आणा, शिवून देतो. दुरुस्तीला आलेल्या पिशव्यांनी जे शिकवलं ते कुठल्या अहवालात नव्हतं. कापड सहसा फाटत नाही. बंद सुटतो. कांदे-बटाटे पाच किलो भरले की सगळा ओढा त्या दीड इंचाच्या टिपेवर येतो, आणि वरच्या पट्टीवर नुसत्या दोन टिपा असतील तर धागा नव्हे, टिपेलगतचं कापडच तुटतं. आता आम्ही त्याच कापडाच्या बंदाऐवजी नवार लावतो, ती पट्टीच्या खाली चार बोटं पोटावर उतरवतो आणि तिथे चौकोन शिवून आत फुली मारतो. मशीनवरच्या ताई आधी वैतागल्या, दर पिशवीला तेवढा वेळ जास्त जातो. आता एखादी साधी शिवलेली पिशवी दुरुस्तीला आली की त्याच नाक मुरडतात.

दुसरं शिकलो ते छपाईबद्दल. लग्नाच्या ऑर्डरी हा या धंद्यातला मोठा वाटा. आहेराची पिशवी, त्यावर वधूवरांचा फोटो, चि. आणि चि. सौ. कां., खाली तारीख. असली पिशवी घेऊन भाजी आणायला कोण जातं? ती कपाटात घडी होऊन बसते, आणि मांजरपाटात खळ असते म्हणून तिला कसर लागते. एकदाही बाजारात न गेलेली सुती पिशवी ही गटारातल्या कॅरीबॅगपेक्षा फार सरस आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. आता लग्नाची ऑर्डर आली की मी सांगते: तारीख नको, फोटो नको, नाव हवं तर आतल्या बाजूला छोटं. काही जण ऐकतात. काही जण दुसरीकडे जातात, आणि तो दुसरा माझा चुलत दीरच आहे.

कामाचा तिसरा भाग कापडाविनाच चालतो. जुनी चादर, पडदा, पँट आणा, पिशवी करून देतो, फक्त शिलाई घेतो. पँटची पिशवी आपल्याकडे नवी नाही, पण आता घरी शिवायला मशीन कुणाकडे आहे? ज्या कापडाचा कापूस कधीच पिकून, कातून, वापरून झाला, त्याच्या पिशवीला पन्नास फेऱ्यांची अट लागत नाही. आमच्या मागाच्या धंद्याला हे मारक आहे हे नवऱ्यानं पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिलं होतं. शिलाईवाल्या बायकांना मात्र बारमाही काम मिळालं.

गिऱ्हाइकांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिल्या धुण्यात मांजरपाट आटतो, म्हणून माप थोडं सैल ठेवलंय, घाबरू नका. आणि पिशवी घरी खिळ्याला नको, गाडीच्या डिकीत ठेवा, कारण भाजी आपण ठरवून आणतच नाही, ऑफिसातून येता येता आणतो. यासाठीच मुठीत मावेल अशी घडीची पिशवी काढली. दुकानातून सर्वांत जास्त तीच जाते.

जिथे आमचं काही चालत नाही ते म्हणजे मासे आणि मटण. तिथे डबा न्या असं सांगतो. लोक हो म्हणतात आणि नेत नाहीत. ओल्या भाजीचं थोडं जमत आलंय. सुटसुटीत विणीच्या, जाळीसारख्या कापडाच्या छोट्या पिशव्या त्या मेथीवाल्या मावशींकडे ठेवायला दिल्यात. पाणी निथळतं, पण देठ जाळीत अडकून पालेभाजी बाहेर काढताना तुटते, अशी त्यांची तक्रार आहे. पुढच्या लॉटला वीण थोडी दाट घेतोय.