पत्र अजून भिंतीवर का?

दिवाळीला घरी येणारा प्रत्येक जण जिन्याजवळच्या फ्रेमपाशी थांबतो, सही वाचतो आणि विचारतो, "पॅट्रिक मूर? बाहेरच्यांना येऊ देऊ नका म्हणणारा तो हाच ना? मग याचं पत्र तुमच्या भिंतीवर कशाला?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

हो, हाच, टीव्हीवर ग्रहताऱ्यांबद्दल बोलणारे इंग्रज खगोल-अभ्यासक. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एका चिमुकल्या पक्षाचे अध्यक्ष होते. २००७ साली म्हणाले, बायकांच्या हाती गेल्यामुळे बीबीसीची वाट लागली. जर्मनांबद्दल तर शेवटपर्यंत जे बोलत, ते इथे लिहिण्याजोगं नाही. हे मला कुणी नव्याने सांगू नये. आणि तरी मी त्यांना अहो-जाहो करतो, यावरही माझ्या मुलीचा आक्षेप आहे.

पण एप्रिल १९५७ ते डिसेंबर २०१२, म्हणजे ५५ वर्षं, महिन्यातून एकदा एकाच माणसाने एकच कार्यक्रम करायचा! 'द स्काय ॲट नाइट', बीबीसीवरचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम, एकदाच त्यांच्याशिवाय झाला, २००४ साली, तोही अन्नातून विषबाधा झाली म्हणून. विद्यापीठाची पायरी न चढलेला माणूस. चंद्राच्या कडेचा जो भाग कधी दिसतो, कधी लपतो, त्याचे नकाशे त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून काढले. १९५९मध्ये रशियन यानाने काढलेले चंद्राच्या मागल्या बाजूचे पहिले फोटो त्यांच्या चालू कार्यक्रमातच हाती आले. एका डोळ्यावर चष्म्याची काच, चुरगळलेला कोट, आणि हातात कागद न घेता बंदुकीच्या फैरीसारखं बोलणं. इंग्लंडातल्या रीडिंग शहरात भाड्याच्या खोलीत, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर, मी त्या माणसासाठी रात्री उशिरापर्यंत जागायचो. या देशात तेव्हा माझ्याशी कुणी इतक्या उत्साहाने बोलत नव्हतं.

इथवरचं उत्तर मला पाठ आहे. पाहुणे जेवायच्या टेबलाकडे वळेपर्यंत ते पुरतं.

मुलीला पुरलं नाही. बायकांबद्दलचं ते वाक्य पेपरात आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तिला फिजिक्सला जायचं होतं. मी आपला सुरू झालो, अगं, वय झालंय, जुन्या वळणाचे लोक, मला बघ किती आपुलकीने लिहिलंय. ती फ्रेमसमोर उभी राहून पत्र वाचत होती. वळली आणि म्हणाली, "बाबा, तू कोण आहेस हे त्याला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय, सही केली होती ना मी."

सही केली होती. माझं नाव हरी, आडनाव गोरे. या आडनावावरचे विनोद इथल्या मराठी मंडळात मी जन्मभर ऐकले आहेत, तेव्हा तुम्ही नवा करू नका. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये मी इथे आलो. खोली शोधताना फोनवर 'हरी' म्हटलं की पलीकडे शांतता व्हायची. 'हॅरी' म्हटलं की पत्ता मिळायचा. दारात उभा राहिलो की खोली नुकतीच गेलेली असायची, तो भाग वेगळा. आडनावाला तर हातही लावावा लागला नाही. रोमन लिपीत तेच स्पेलिंग इंग्रज 'गोर' असं वाचतो. हॅरी गोर. ऑफिसातही तेच रूढ झालं.

मूरना पत्र लिहिलं ते १९८६च्या एप्रिलमध्ये. पहिला मसुदा तीन पानी होता. हॅलेचा धूमकेतू तेव्हा दक्षिणेला इतका खाली गेला होता की इंग्लंडातून दिसेना, आणि साताऱ्यातून दिसत होता. घराच्या गच्चीवरून अजिंक्यतारा आड येतो, म्हणून वडील पहाटे कंदील घेऊन गड चढले होते. मग त्यांचं निळं एअरोग्राम आलं: "पिंजलेल्या कापसाच्या बोंडासारखा आहे. तू तिकडे गेलास आणि हा इकडे आला." हे सगळं मी मसुद्यात लिहिलं होतं. मग पुन्हा वाचलं, आणि ती पानं फाडली. सातारा गेला, गड गेला, वडील गेले. उरले चार ओळींचे प्रश्न: नवशिक्याने कोणती दुर्बीण घ्यावी? खाली सही, हॅरी गोर.

आठवड्याभरात उत्तर. त्यांचा १९०८चा वुडस्टॉक टाइपरायटर होता आणि आलेल्या पत्रांना ते स्वतः उत्तर देत. माझ्या पत्रात प्रत्येक 'ई'चं पोट शाईने भरलेलं आहे. स्वस्तातली छोटी दुर्बीण घेऊ नका, आधी चांगली द्विनेत्री घ्या, असा सल्ला. शेवटी, पुन्हा जरूर लिहा.

पुन्हा लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

आता कधी वाटतं, खरं नाव टाकलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. माणसं जमावाबद्दल एक बोलतात आणि दारी आलेल्याशी वेगळं वागतात, हे मी आमच्याच नातेवाइकांत पाहिलंय. मग वाटतं, ही माझी सोय आहे. मी त्यांच्या पक्षाचं नावही तेव्हा ऐकलं नव्हतं, म्हणजे घाबरलो ते त्यांना नव्हेच. पंचविशीतल्या त्या हॅरीला मी विचारतो, अरे, वडिलांना कशाला काढलंस? तो म्हणतो, खोली तुला मिळवायची होती की मला?

मूर गेल्यावर २०१४पासून त्यांचा कार्यक्रम करणाऱ्यांत अवकाश-शास्त्रज्ञ मॅगी ॲडेरिन-पोकॉक आल्या. आईवडील नायजेरियाचे. मुलीने मला त्या रात्री फोन केला, काही बोलली नाही, नुसती हसली.

तिच्यासाठी एकदा फ्रेम माळ्यावर टाकली होती. भिंतीवर चौकोनी डाग दिसायला लागला, म्हणून परत लावली. गेल्या दिवाळीत एकाने पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, "कार्यक्रम फार छान करायचे हो," आणि चकल्यांची ताटली पुढे केली.