वापरलेलं छोटं जेट घेताना: माझा अनुभव

कंपनीसाठी लाइट जेट घ्यायचं, पण नवीन नको, एवढं ठरलं आणि बरंच बघून आम्ही सेसना सायटेशन सीजे३ वर आलो. एम्ब्राएरचं फेनॉम ३०० पण बघितलं होतं, सुंदर विमान आहे, पण आमच्या फेऱ्या चार-पाच माणसांच्या आणि दीड-दोन तासांच्या, त्याला सीजे३ भरपूर होतं.

विमान किती तास उडालंय हे सगळे विचारतात, पण माझ्या मते त्याआधी इंजिनाचं विचारा. सीजे३ ला विल्यम्सची एफजे४४-३ए इंजिनं असतात, ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) ४००० तासांनी, आणि मध्ये हॉट सेक्शन इन्स्पेक्शन, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागाची तपासणी. म्हणजे ३८०० तास झालेली इंजिनं असलेलं विमान स्वस्त मिळत असेल तर दोन ओव्हरहॉलचा खर्च लगेच तुमच्याच दारात येणार, तो किमतीत धरूनच बोलायचं. इंजिन प्रोग्रामवर असलं तर गोष्ट वेगळी, तिथे मालक उडालेल्या दर तासामागे पैसे भरत गेलेला असतो आणि ओव्हरहॉलचा खर्च करारात बसेल तसा प्रोग्राम उचलतो. पण ब्रोकर म्हणतो "प्रोग्रामवर आहे", त्यावर जाऊ नका. भरणा पूर्ण झालाय का आणि प्रोग्राम नव्या मालकाच्या नावावर होतो का हे प्रोग्राम कंपनीकडूनच लेखी घ्या.

मग लेटर ऑफ इंटेंट (घ्यायचा इरादा लेखी कळवणारं पत्र), डिपॉझिट एस्क्रोत, म्हणजे सौदा होईपर्यंत तटस्थ तिसऱ्याकडे, आणि प्री-बाय इन्स्पेक्शन, म्हणजे घेण्याआधीची तपासणी. विकणाऱ्याचा आग्रह होता की वर्षानुवर्षं जिथे सर्व्हिसिंग झालं तिथेच तपासणी करा, त्यांना विमान माहितीये म्हणून. आम्ही ठाम नाही म्हटलं, स्वतःच्याच कामातल्या चुका शोधायला कुणाला सांगायचं नसतं. दुसऱ्या शॉपने बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून इंजिन आतून बघितलं, पॅनल उघडून गंज बघितला, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (विमान नियामकाचे सक्तीचे सुरक्षा आदेश) एकेक करून लॉगबुकशी जुळवले.

आणि तिथेच अडलं. इंजिनातल्या फिरणाऱ्या डिस्कना सायकल्सची (एक उड्डाण म्हणजे साधारण एक सायकल) मर्यादा असते, तेवढ्या झाल्या की डिस्क दिसायला कितीही चांगली असो, काढावीच लागते, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा हिशोब सलग लागतो. आमच्या विमानात एका डिस्कचा मधला एक तुकडा कागदावर सापडतच नव्हता. विकणारा म्हणे किरकोळ आहे, क्लोजिंगनंतर (सौदा पूर्ण झाल्यावर) पाठवतो. अजिबात नाही! विमान उत्तम स्थितीत होतं, मला मनापासून आवडलं होतं, तरी तपासणीनंतर विमान स्वीकारल्याच्या कागदावर, म्हणजे टेक्निकल अ‍ॅक्सेप्टन्सवर सही केली नाही, कारण ती झाली की डिपॉझिट परत मिळत नाही आणि आपल्या हातात काही उरत नाही. शेवटी जुन्या इंजिन शॉपच्या फायलीत तो रेकॉर्ड निघाला, सायकल्स जुळल्या, तेव्हाच सही केली. एअरवर्दिनेसच्या बाकी त्रुटी करारात लिहिल्याप्रमाणे विकणाऱ्याच्या खर्चाने दुरुस्त झाल्या, सीटचं लेदर वगैरे आम्ही आमच्याकडे घेतलं.

क्लोजिंग मात्र सुरळीत झालं. टायटल सर्च (मालकी साफ आहे का याचा शोध) आधीच झाला होता, डब्लिनमधल्या इंटरनॅशनल रजिस्ट्रीवर (विमानांवरच्या हक्कांची आणि बोजांची आंतरराष्ट्रीय नोंद, २००१ च्या केपटाउन कराराखाली चालते ती) विमान आणि दोन्ही इंजिनं वेगवेगळी तपासली, कारण कर्जाचा बोजा नुसत्या इंजिनावरही असू शकतो. मग सगळे एका कॉलवर आले, एस्क्रोवाल्याने पैसे आणि बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) एकाच वेळी सोडलं, आणि त्याच क्षणापासून आमचा विमा सुरू झाला. पायलटचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) आणि मेंटॉर, म्हणजे अनुभवी पायलटबरोबरचे तास ही विमा कंपनीची अट होती, ते आम्ही प्री-बाय चालू असतानाच मार्गी लावलं होतं, तुम्हीही तसंच करा, नाहीतर विमान हातात असून उडवता येणार नाही.