हजार पिल्लं, हजार डब्या

टॅरंटुला म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची जोडी लावताना मादी नराला खाऊ शकते, हे सगळे सांगतात. खरी मेहनत नंतरची! ब्राझीलच्या सॅमन पिंक टॅरंटुलाच्या एका अंडीकोशातून हजारावर पिल्लं निघू शकतात. एकत्र ठेवली की एकमेकांनाच खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी, झाकणाला सुईने भोकं, तळाला ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वर्ध्याच्या उन्हात ते दुपारपर्यंत कोरडं. पाणी जास्त झालं तर बुरशी. कूलरचं तर बोलूच नका, लाइन जातेच. पिल्लू कात टाकत असताना, खायला टाकलेला रातकिडा उरला असेल तर तो उचलावा लागतो, नाहीतर तोच पिल्लाला कुरतडतो.

आज एक उताणं पडलेलं पाहून आई म्हणाली, "मेलं वाटते रे."

"नाही वं माय, कात टाकून राहिलं."

एकेक पाय सुटताना बघत बसली. मग म्हणे, "याच्यापरीस कोंबड्या पाळल्या असत्या तं अंडे तरी खाले भेटले असते!"